फुकटचा पास

भुसावळकर माणसाला कायदा समजावून सांगावयाचा तर तो रेल्वेच्या वाटेने सांगावा. घरटी एक माणूस रेल्वेत. त्यामुळे पास म्हणजे काय, हे इथे शेंबड्या पोरालाही ठाऊक.

आमच्या महाविद्यालयातला एक विद्यार्थी दुकानदारांना हिशेबाची सॉफ्टवेअरे करून देतो. इंटरनेटवर मुक्त म्हणून ठेवलेले एक सॉफ्टवेअर त्याने उतरविले, थोडे फेरफार केले, मूळ कर्त्यांची नावे पुसून स्वतःचे घातले आणि यावलच्या एका दुकानदाराला विकले. वर मलाच विचारतो, "सर, फुकट वाटलेल्या वस्तूला कसला आलाय कायदा?"

मराठीच्या मास्तराला यातले काय कळते, असे तुम्ही म्हणाल. पण मौज अशी, की आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्याने सॉफ्टवेअरला पुढे साहित्यकृतींच्याच पंगतीला बसविले आहे!

उत्तर सापडले ते खेळण्यातल्या आगगाडीत. अमेरिकेत बर्कलीचे पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक रॉबर्ट जेकबसन यांना छोट्या गाड्यांचा नाद. त्या संगणकावरून चालविण्याचे सॉफ्टवेअर त्यांनी व सोबत्यांनी लिहिले आणि सर्वांना मोकळे केले. वापरा, बदला, दुसऱ्याला द्या. मात्र कर्त्यांची नावे राखा आणि काय बदलले ते सांगा. मॅथ्यू कॅट्झर यांच्या कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये त्यातल्या फायली निघाल्या, नावे गायब! 2006 मध्ये दावा लागला. खालच्या न्यायालयाला तो फार तर करारभंग वाटला. (फुकट वस्तूच्या करारभंगाची भरपाई ती किती?) पण 13 ऑगस्ट 2008 रोजी वरच्या न्यायालयाने सांगितले, की पैसे घेतले नाहीत म्हणून हक्क सुटत नाही, परवान्याच्या अशा अटी मोडणे हा कॉपीराइटचाच भंग ठरू शकतो. 2010 मध्ये तडजोड झाली आणि कॅट्झर यांनी 1 लाख डॉलर देण्याचे कबूल केले.

मी म्हटले, "अरे, तुझ्या वडिलांचा पास फुकटच ना? त्यावर शेजाऱ्याने प्रवास केला, तर टी.सी. सोडील का?"

तो गप्प झाला. मग हळूच म्हणाला, "पण सापडलो तर जबाबदार कोण?"

मूळ कर्ते नव्हेत. चुकीची हमी आमच्यावर नाही, असे ते परवान्यातच लिहून ठेवतात. दुकानदार? बेकायदा प्रत आहे हे जाणूनही संगणकावर वापरणाऱ्याला आपल्याकडे 7 दिवसांपासून 3 वर्षांपर्यंत कैद आणि 50 हजार ते 2 लाख रुपये दंड सांगितला आहे. त्या बिचाऱ्याला तर काहीच ठाऊक नव्हते. वापर थांबविण्याचा हुकूम त्यालाही होऊ शकेल, पण सगळे जाणून करणारा एकच उरला, आणि तो माझ्यासमोर बसला होता.

दुसऱ्या दिवशी तो यावलला जाऊन आला. पडद्यावर आता परवाना आणि अकरा नावे, शेवटी त्याचे स्वतःचे. दुकानदाराने ती यादी निरखून पाहिली आणि विचारले म्हणे, "एवढी माणसं तुझ्या हाताखाली आहेत का रे?"