जोडणी लागते, काम अडते

कऱ्हाड तालुक्यातील उंब्रज हे गाव तारळी व कृष्णा ह्या नद्यांच्या संगमाजवळ, पुणे-बंगळूर महामार्गावर वसलेले आहे. चाफळला जाणारा भाविक येथेच वळतो, पालच्या खंडोबाच्या यात्रेला निघालेल्या गाड्या येथेच खोळंबतात आणि मसूरची वाटही येथूनच कृष्णा ओलांडते. वाट चुकण्याचे किंवा अडण्याचे ह्या गावाला नवल नाही. परंतु गेल्या काही वर्षांत येथून एक निराळीच वाहतूक सुरू झाली आहे. ती एस. टी. स्थानकावर दिसत नाही आणि तासवड्याच्या टोलनाक्यावर तिची नोंद होत नाही. खाली गोठा आणि माडीवर संगणक अशा घरात बसून पुण्याच्या, बंगळूरच्या किंवा साता समुद्रांपलीकडच्या कचेरीत हजेरी लावणाऱ्या तरुणांची ही वाहतूक आहे.

२४ मार्च २०२० रोजी देशव्यापी टाळेबंदी जाहीर झाली आणि हिंजवडी-मगरपट्ट्यातील तरुण गावोगाव परतले. पुढे कचेऱ्या उघडल्या, बहुतेक जण परत गेले; परंतु काहींना आठवड्यातील दोनतीन दिवस घरून काम करण्याची मुभा राहिली, तर काही कायमचेच घरी बसून काम करू लागले. कचेरी आणि घर यांना जोडणारी जी सोय त्यांच्या हाती दिली गेली तिला व्हीपीएन म्हणतात. मराठीत आपण तिला आभासी खासगी जाळे म्हणू. सार्वजनिक इंटरनेटच्या हमरस्त्यातूनच, सांकेतिक लिपीत गुंडाळलेली, परक्याला आत डोकावता येणार नाही अशी वाट काढावयाची, एवढा तिचा अर्थ. संगणकशास्त्राचे लोक तिला बोगदा म्हणतात. खंबाटकीच्या बोगद्यातून ज्यांनी प्रवास केला आहे त्यांना ही उपमा पटावी: एकदा आत शिरले की आजूबाजूचे काही दिसत नाही आणि मध्येच उतरण्याची सोय नसते.

अडचण नेमकी येथे सुरू होते. जोडणी झाल्याचे संगणक सांगतो, आणि तरीही काम होत नाही. कचेरीतील फाइल उघडत नाही. फाइल उघडली तर शेजारच्या टेबलावरील प्रिंटर जणू नाहीसा होतो. प्रिंटर सापडला तर बाकीचे सारे इंटरनेट गप्प बसते. कचेरीच्या मदतकक्षाला दूरध्वनी करावा तर 'आमच्या बाजूने सर्व ठीक आहे' असे उत्तर मिळते. इंटरनेट पुरवणाऱ्याला विचारावे तर तोही तेच सांगतो. माझ्या एका माजी विद्यार्थिनीच्या खात्यावर अशा तीन सकाळींबद्दल अर्ध्या अर्ध्या दिवसाची रजा मांडली गेली. ती सकाळी नऊ वाजल्यापासून यंत्रासमोर बसून होती. तिचे काम मात्र कोठेतरी वाटेत पडून होते. ह्या 'कोठेतरी'चा शोध घेणे म्हणूनच केवळ तंत्रज्ञाचे काम उरत नाही. दोष कोठे आहे हे ठरले, तरच त्याचा भुर्दंड कोणी सोसावा हे ठरू शकते.

प्रथम बोगद्याची रचना पाहू. काही कंपन्या संगणकातून निघणारी प्रत्येक गोष्ट बोगद्यातूनच गेली पाहिजे, असा दंडक घालतात. मग उंब्रजहून मसूरला पाठवावयाचे पत्र आधी पुण्याला जाते, तेथे त्याची झडती होते आणि मग ते मसूरकडे निघते. घरातील प्रिंटर हाताच्या अंतरावर असूनही दिसेनासा होतो तो ह्याच व्यवस्थेमुळे. ह्या दंडकामागे कंपनीचा हेतू वाईट नसतो. घरातील असुरक्षित उपकरणे आणि कचेरीची दप्तरे यांच्यामध्ये कर्मचाऱ्याचा संगणक पूल बनू नये, ही तिची रास्त काळजी आहे. दुसऱ्या पद्धतीत केवळ कचेरीकडे जाणारी वाहतूक बोगद्यात सोडली जाते, बाकीची नेहमीच्या रस्त्याने जाते. २०२० साली सगळेच कर्मचारी एकदम घरी बसले आणि कचेऱ्यांच्या प्रवेशद्वारांवर कोंडी झाली, तेव्हा मायक्रोसॉफ्टनेच आपल्या ग्राहकांना विशिष्ट सेवांपुरती ही दुसरी पद्धत सुचवली होती. म्हणजे पहिली पद्धत हा काही निसर्गनियम नव्हे. तो कंपनीने केलेला निर्णय आहे आणि त्याचे परिणामही तिच्याच खाती मांडले पाहिजेत.

दुसरा दोष पत्त्यांचा. आणि तो समजून घेण्यास उंब्रजइतके चांगले उदाहरण नाही. पुणे जिल्ह्यातील जुन्नर तालुक्यातही उंब्रज नावाचे गाव आहे. पाकिटावर नुसते 'उंब्रज' लिहिले तर टपालखात्याने ते कोठे पोचवावे? एकाच नावाची अनेक गावे, निरनिराळ्या लिप्या आणि अपुरे पत्ते ह्यांतून मार्ग काढण्यासाठी १५ ऑगस्ट १९७२ पासून देशात सहा आकडी पिनकोड सुरू झाला. तो योजणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे संस्कृतचे व्यासंगी कवी होते, ही गोष्ट आपल्या वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना मी आवर्जून सांगतो. संगणकांच्या जगात असाच घोटाळा राजरोस होऊ दिलेला आहे. फेब्रुवारी १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रमाणलेखानुसार पत्त्यांचे काही गट खासगी वापरासाठी राखून ठेवले गेले; घरोघरी, कचेरीकचेरीत तेच पत्ते पुनःपुन्हा वापरावेत अशी ही सोय. त्यांतील १९२.१६८ ह्या आकड्यांनी सुरू होणारा गट घरगुती राऊटरमध्ये सर्रास आढळतो आणि पुढचा आकडा बहुधा शून्य किंवा एक असतो. आता कचेरीनेही तोच गट वापरला असेल तर काय होईल? कचेरीतील फाइल ज्या यंत्रात आहे त्याचा पत्ता घरच्याच पत्त्यांपैकी आहे असे संगणकाला वाटते; तो ते यंत्र घरातच शोधत राहतो आणि बोगद्याकडे वळतच नाही. मदतकक्ष खरे बोलत असतो, इंटरनेट पुरवणाराही खरे बोलत असतो, आणि काम तरीही अडलेले असते. उपाय साधा आहे: घरच्या राऊटरमध्ये तिसरा आकडा बदलून एखादा आडवळणी, समजा ८३, घालावा. वर उल्लेखिलेल्या विद्यार्थिनीचा दोष हाच निघाला. दुरुस्तीला पाच मिनिटे लागली. शोधाला तीन आठवडे.

तिसरा दोष नावांचा. आपण यंत्रांना नावांनी ओळखतो, यंत्रे एकमेकांना आकड्यांनी; मध्ये नाव पाहून आकडा सांगणारी एक वही असते. कचेरीतील यंत्रांची नावे कचेरीच्याच वहीत असतात. बोगदा जोडला गेला, पण संगणक अजून घरच्या पुरवठादाराचीच वही उघडत असेल, तर त्याला ते नाव सापडणार कसे? येथे परीक्षा सोपी आहे. नावाने हाक मारून उत्तर येत नाही आणि आकड्याने हाक मारली की येते, तर रस्ता नीट आहे, वही चुकीची आहे.

चौथा दोष अधिक फसवा. जोडणी होते, छोटे निरोप जातात, मोठी फाइल मात्र अर्ध्यावर थिजते. जाळ्यावरून माहिती गठ्ठ्यागठ्ठ्याने जाते आणि नेहमीच्या जाळ्यात एका गठ्ठ्याची कमाल मर्यादा १५०० बाइट असते. बोगद्यात शिरण्यासाठी प्रत्येक गठ्ठ्यावर आणखी एक वेष्टन चढते. ऊस भरलेली ट्रॉली रिकाम्या रस्त्यावर झोकात धावते आणि कमी उंचीच्या पुलाखाली अडकते, तसे हे आहे. सायकल जाते, मोटार जाते. म्हणून पूल निर्दोष आहे असे म्हणणारा पाहणी अधिकारी आपल्या परिचयाचा असेलच. वेष्टनासकट मावेल एवढाच गठ्ठा बांधण्याची सूचना व्हीपीएनच्या यंत्रणेला द्यावी लागते, आणि ती देण्याचा अधिकार बहुधा कर्मचाऱ्याकडे नसतो.

यांखेरीज किरकोळ कारणे अनेक आहेत. संगणकाचे घड्याळ मागे पडले तर तीस सेकंदांपुरते चालणारे संकेतांक जुळत नाहीत. वीज गेली की संगणक बॅटरीवर चालू राहतो, राऊटर मात्र बंद पडतो. आणखी एक कारण दूरवरचे आहे. जुन्या पद्धतीचे इंटरनेटचे पत्ते सुमारे ४२९ कोटीच. आशिया-पॅसिफिक विभागाच्या वाट्याचा सर्वसाधारण साठा एप्रिल २०११ मध्ये संपला. तेव्हापासून अनेक पुरवठादार एकेका पत्त्यात शेकडो घरे बसवतात, आणि अशा सामायिक पत्त्यामागून व्हीपीएनचे काही जुने प्रकार नीट चालत नाहीत.

एवढ्या शक्यतांतून खरे कारण कसे निवडावे? जॉन स्टुअर्ट मिल्लने १८४३ साली आपल्या तर्कशास्त्रावरील ग्रंथात भेदपद्धती सांगितली: दोन प्रसंगांत एक सोडून बाकी सारे सारखे ठेवा, परिणामात जो फरक पडेल त्याचे कारण त्या एकात शोधा. (ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनमधील कचेरीत बसून ३५ वर्षे हिंदुस्थानाचा पत्रव्यवहार हाताळणारा आणि हिंदुस्थानात एकदाही पाऊल न ठेवणारा मिल्ल हा दूरस्थ कर्मचाऱ्यांचा आद्यपुरुषच म्हटला पाहिजे.) व्हीपीएन तोडून साधे इंटरनेट चालते का ते पाहावे. मग तोच संगणक, तेच व्हीपीएन ठेवून घरची जोडणी सोडावी आणि मोबाइलवरून जोडावे. आता चालले तर दोष घरच्या राऊटरमध्ये किंवा पुरवठादाराकडे आहे. तरीही चालले नाही तर दुसऱ्या गावच्या सहकाऱ्याला विचारावे; त्याचेही अडले असेल तर दोष कचेरीच्या दारात आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि प्रत्येक वेळी तारीख-वेळ लिहून ठेवावी. घाबरून पाच गोष्टी एकदम बदलणाऱ्याला, पुढे जोडणी सुरू झाली तरी, ती कशाने सुरू झाली ते कळत नाही.

आता माझ्या विषयाकडे येतो. उद्योगसंस्था मुळात अस्तित्वात का येते, असा प्रश्न रोनाल्ड कोस ह्यांनी १९३७ साली विचारला. बाजारात प्रत्येक व्यवहार नव्याने ठरवण्याला खर्च येतो, तो वाचवण्यासाठी माणसे एका व्यवस्थापनाखाली येतात, असे त्यांचे उत्तर होते. एका छपराखाली काम चाले तेव्हा वीज, टेबल, तारा आणि त्या दुरुस्त करणारा माणूस हे सारे मालकाचे भांडवल होते. बोगद्याने छप्पर उंब्रजपर्यंत लांबवले. छपराखालचे भांडवल मात्र हळूच कर्मचाऱ्याच्या घरखर्चात जाऊन बसले. त्याचे भाडे कोणी देत नाही, आणि ते बिघडले की वेतन कापले जाते.

महाराष्ट्राला हा प्रकार अपरिचित नाही. सिन्नर-सोलापूरकडे पाने आणि तंबाखू घरी नेऊन विड्या वळणाऱ्या बायकांची पिढ्यान्पिढ्यांची तक्रार हीच होती: माल खराब निघाला तर दोष पानाचा की हाताचा, हे मालक ठरवी. १९६६ च्या विडी-सिगार कामगार कायद्याने, घरी नेऊन विड्या वळणारी बाईही कामगारच आहे, असे स्पष्ट केले. संगणकावर काम करणाऱ्या पदवीधराला विडी कामगाराशी केलेली ही तुलना रुचणार नाही, हे मी जाणतो. परंतु सामग्री सदोष की माणूस सदोष, हा निर्णय एकाच पक्षाच्या हाती असण्याची स्थिती दोघांचीही सारखीच आहे.

शासनाने ह्या बाबतीत उद्योगाची सोय तत्परतेने केली. घरून काम करू देणाऱ्या कॉल सेंटरसारख्या कंपन्यांना पूर्वी एक कोटी रुपयांची अनामत आणि अधिकृत पुरवठादाराचेच व्हीपीएन अशा अटी होत्या; मार्च २०२० मध्ये दूरसंचार विभागाने त्या शिथिल केल्या आणि नोव्हेंबर २०२० मध्ये ही सारी नियमावलीच सुटसुटीत केली. ते योग्यच झाले. कर्मचाऱ्याच्या बाजूने मात्र अशी तत्परता दिसली नाही. जानेवारी २०२३ पासून ब्रॉडबँड म्हणवून घेण्यास किमान दोन मेगाबिट वेग पुरेसा ठरला आहे. तोही माहिती उतरवून घेण्याचा. घरून काम करणाऱ्याला माहिती वर पाठवण्याचा वेग लागतो, आणि वेगाहूनही अधिक लागते ते सातत्य. क्षणभर खंडित झालेल्या जोडणीने चित्रपट पाहणाऱ्याचे काही बिघडत नाही. बोगदा मात्र कोसळतो आणि पुन्हा परवलीचा शब्द, पुन्हा संकेतांक. ग्रामपंचायतीपर्यंत प्रकाशतंतू नेण्याच्या योजनेला ऑक्टोबर २०११ मध्ये मंजुरी मिळाली, तिचेच पुढे भारतनेट झाले. परंतु ग्रामपंचायतीच्या कचेरीपासून माडीवरच्या खोलीपर्यंतचे अंतर हे वेगळेच अंतर आहे.

कंपन्यांकडून मागावयाचे ते फार नाही. कचेरीने कोणता पत्त्यांचा गट वापरला आहे, कोणती वाहतूक बोगद्यातून जाईल आणि नावांची वही कोणती, हे एका पानावर लिहून नव्या कर्मचाऱ्याच्या हाती द्यावे. घरगुती राऊटरमध्ये हमखास सापडणारे गट कचेरीने स्वतः टाळावेत; हजार घरांनी राऊटर बदलण्यापेक्षा एका कचेरीने आकडे बदलणे स्वस्त पडते, हे सांगण्यास अर्थशास्त्रज्ञाची गरज नाही. आणि दोष सापडेपर्यंतचा वेळ कर्मचाऱ्याने नोंद ठेवून दाखवला, तर तो कामाचा वेळ धरावा. त्यात लबाडी होईल, असा आक्षेप येईल. होईलही, परंतु प्रत्येक जोडणीची आणि तुटण्याची वेळ कंपनीच्या प्रवेशद्वारावरील यंत्रात आपोआप नोंदवली जाऊ शकते. ती नोंद कर्मचाऱ्यालाही पाहू द्यावी, म्हणजे झाले. विशेषतः ज्या स्त्रिया सासरी राहून हे काम करतात त्यांना ह्या नोंदीची गरज अधिक. यंत्रासमोर नुसती बसलेली सून रिकामीच आहे, असे घरातल्यांना वाटते आणि कचेरीलाही.

आमच्या महाविद्यालयांपुढेही लवकरच हाच प्रश्न येणार आहे. 'एक राष्ट्र, एक वर्गणी' ह्या योजनेला नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये आणि सुमारे १३,००० नियतकालिके. पण अशी नियतकालिके वाचक ओळखतात ती बहुधा संस्थेच्या पत्त्यावरून. तारळीकाठच्या घरात बसून रात्री वाचू इच्छिणारा विद्यार्थी संस्थेच्या आवाराबाहेरच असतो. त्याला आत घेणारी सोय ग्रंथालयाने करावयाची, तर ती कशी चालते आणि कोठे अडते हे समजावून सांगणारा एक माणूस ग्रंथालयात हवा. बहुतेक ठिकाणी ते पद नाही; आणि जेथे ग्रंथपालच तासिका तत्त्वावर आहेत, तेथे ते कोणाकडून भरून घ्यावयाचे, हे संस्थाचालकांनाच विचारले पाहिजे.