मुलगा वडिलांच्या आधी वारला, तर नातवंडांना वाटा मिळतो का?

महाराष्ट्रातल्या सुन्नी मुस्लीम कुटुंबांना लागू होणाऱ्या वारसा कायद्यात उत्तर साधं आहे: आजोबांचा दुसरा मुलगा हयात असेल, तर नाही. जवळचा वारस असला की दूरच्याचा हक्क जातो. काका असताना पोरक्या नातवंडांना वारस म्हणून काहीच मिळत नाही.

मात्र आजोबा हयातीत दोन गोष्टी करू शकतात.

वसीयत: अंत्यविधीचा खर्च आणि कर्ज वजा जाता उरलेल्या मालमत्तेचा एक तृतीयांशापर्यंतचा भाग वारस नसलेल्यांना देता येतो. ३० लाख उरले, तर नातवंडांना १० लाख. त्याहून जास्त द्यायचं असेल, तर आजोबांच्या मृत्यूनंतर वारसांची संमती लागते. तोंडी वसीयतही चालते, पण ती सिद्ध करणं कठीण जातं. म्हणून ती लेखी आणि साक्षीदारांसमोर केलेली बरी.

हिबा: म्हणजे हयातीतच दिलेली भेट. तिला एक तृतीयांशाची मर्यादा नाही. पण देणाऱ्याची घोषणा, घेणाऱ्याचा स्वीकार आणि ताबा, हे तिन्ही हवंच. ‘माझ्यानंतर घर तुझं’ एवढं म्हटल्यानं हिबा होत नाही.

पाकिस्तानात १९६१च्या कायद्यानं अशा नातवंडांना त्यांच्या आई-वडिलांचा वाटा मिळतो. इथे मात्र ही सोय आजोबांनाच वेळेत करून ठेवावी लागते.