उपग्रहाचा संदेश आणि भिंतीचा प्रतिध्वनी

सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून निघालेला जीपीएस उपग्रहाचा संदेश जेव्हा सरळ न येता एखाद्या भिंतीवर, पत्र्यावर वा जलपृष्ठावर आपटून ग्राहकयंत्रापाशी पोहोचतो, तेव्हा त्याचा मार्ग लांबतो. आणि एक अब्जांश सेकंदाचा विलंबही ३० सेंटिमीटर अंतराची खोटी नोंद दप्तरी दाखल करीत असल्यामुळे, हद्दीच्या मोजणीत हा परावर्तनदोष उपेक्षून चालत नाही; त्यावरचे उपाय असे.

जागा : मोकळे मैदान निवडावे आणि क्षितिजापासून १० ते १५ अंशांच्या आतील उपग्रह हिशेबातून वगळावेत, हा पहिला दंडक.

अँटेना : मूळ लहर उजव्या वर्तुळगतीची असते व परावर्तनानंतर ती बहुधा डावी होते, म्हणून अँटेना उजवीलाच अनुकूल ठेवतात, आणि खालून येणाऱ्या लहरींना तिच्याभोवतीची समकेंद्री धातुकडी अटकाव करतात.

गणित : संदेशातील संकेतावरून केलेले अंतरमापन निःसंदिग्ध पण गोंगाटाचे, तर १९ सेंटिमीटर लांबीच्या वाहक लहरीचे मापन सूक्ष्म पण पूर्ण लहरींच्या संख्येविषयी मुग्ध; या दोहोंची सांगड घालून गोंगाट निवळविण्याची रीत रॉन हॅच यांनी १९८२ मध्ये मांडली.

पुनरावृत्ती : उपग्रहांची आकाशातील मांडणी सुमारे २३ तास ५६ मिनिटांनी पुन्हा तीच होत असल्याने, स्थिर केंद्रावर तीच भिंत तोच अपराध दररोज चार मिनिटे आधी करते, आणि अपराधी इतका नियमित असला, की कालच्या नोंदीवरून आजची चूक वजा करणे सुकर होते.