सर्पदंश : अरिष्टाबंधन आणि आजचा व्यवहार

पावसाळ्यात शेतीची कामे सुरू झाली की नेकनूर परिसरातील वैद्याकडे सर्पदंशाचा रुग्ण येतो, तो बहुधा दंशाच्या वर दोरी आवळूनच. दोरी बांधणाऱ्यास ती शास्त्रोक्त वाटते आणि आपल्यापैकी काहींनाही. चरकांच्या चोवीस विषोपक्रमांत अरिष्टाबंधन आहे. सुश्रुतांनी कल्पस्थानात दंशाच्या चार अंगुळे वर बंध सांगितला आहे. तथापि तो काळ प्रतिविषाच्या लसीचा नव्हता. घोणस व फुरसे यांच्या विषाने दंशस्थानीचे मांस मुळातच सडू लागते, रक्त गोठेनासे होते. तेथे घट्ट बंधाने अवयव गमावण्याची वेळ येते आणि छेदनाने रक्तस्राव आवरत नाही. हे उपक्रम या प्रसंगी टाळणे म्हणजे ग्रंथांचा अनादर नव्हे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

रुग्णास धीर द्यावा, चालू देऊ नये. अंगठ्या, जोडवी, बांगड्या उतरवाव्यात. मोडलेल्या हाडास आधार देतो तशी फळी लावून अवयव स्थिर करावा. पट्टी सैल असावी. आधीच आवळलेली दोरी मात्र वाटेत एकाएकी सोडू नये. अडलेले विष एकदम पसरते. ती रुग्णालयात, लस व श्वसनाची सोय हाताशी ठेवूनच सोडावी.

मण्यारीचा दंश विशेष फसवा. रात्री जमिनीवर झोपलेल्यास तो होतो. सूज नाही, वेदना नाममात्र, कधी खूणही दिसत नाही. पहाटे पोटात दुखते, पापण्या जड होतात, गिळता येत नाही. अशा रुग्णास अजीर्ण समजून चूर्ण देऊन घरी पाठवणे जिवावर बेतते. पुढे श्वसनाचे स्नायू लुळे पडतात; तोंडाने वा श्वसनपिशवीने श्वास देत राहिल्यास रुग्ण वाचू शकतो.

औषध दुकानदार बंधूंनी वेदनेसाठी ॲस्पिरिन वा डायक्लोफेनॅक देऊ नये, रक्तस्राव वाढतो. स्नायूत इंजेक्शनही टाळावे.

साप पकडण्यात वेळ दवडू नये. आपल्याकडील लस नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चारही विषांवर चालते. १०८ ला कळवावे. वाहन आधी मिळाल्यास त्यानेच निघावे. मांजरसुंब्याकडून बीडचे जिल्हा रुग्णालय, केजकडून अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालय. रुग्णास कुशीवर निजवावे, सोबत एक चिठ्ठी द्यावी : दंशाची वेळ, पहिले लक्षण केव्हा दिसले, दोरी कधी बांधली, आपण काय दिले.