गवत स्वतःला पेरतं

कुसळी गवताचं वाळलेलं बी तळहातावर घ्या आणि त्याच्या लांब शेपटीवर पाण्याचा एक थेंब सोडा. शेपटीचा पीळ उलगडू लागतो आणि बी हातावर चक्क गिरकी घेतं. वाळलं की पुन्हा पीळ. ओली रात्र, कोरडी दुपार, एवढ्या भांडवलावर हे टोकदार बी गिरमिटासारखं मातीत शिरतं. 'दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ' म्हणून आपण हिणवतो, ते हे यंत्र!

वाशीमच्या माळांवर ही हुशारी लागतेच. हा जिल्हा पाणलोटाच्या माथ्यावर बसलाय. काटेपूर्णा इथून निघून पूर्णा-तापीवाटे अरबी समुद्राकडे जाते. अडाण पैनगंगेला मिळते आणि तिचं पाणी गोदावरीतून बंगालच्या उपसागराला. म्हणजे पावसाचा थेंब दोन समुद्रांकडे पळायला टपलेला. त्याला अडवायचं कसं?

तीन काठ्यांची 'ए'सारखी चौकट, मधोमध दोरीला टांगलेला दगड. दोरी आडव्या काठीच्या मधल्या खुणेवर आली की दोन्ही पाय एका पातळीत. पाय टेकले तिथल्या खुणा जोडत उताराला आडवा चर खणायचा, माती खालच्या अंगाला टाकायची आणि चांगला पाऊस झाला की त्या मातीच्या कडेनं मारवेल गवताचे ठोंब लावायचे. चरात थांबलेलं पाणी जिरत जिरत मुळांपाशी येतं. ठोंबाची पाती मात्र वीतभर ठेवून छाटायची. उपटताना मुळं तुटलेली असतात. वर भरघोस पाला ठेवला तर तो मुळांना झेपेल त्याहून जास्त पाणी उडवून टाकतो.

खरी कमाल पात्याच्या आत आहे. मारवेल, कुसळी, अंजन ही गवतं हवेतला कार्बन डायऑक्साइड आतल्या पेशींत कोंबून साठवतात, त्यामुळे पानांची छिद्रं फार उघडी ठेवावी लागत नाहीत. तेवढाच पाला वाढवायला त्यांना जवळपास निम्मं पाणी पुरतं. ही युक्ती हॅच आणि स्लॅक यांनी 1966 मध्ये उसात उलगडली. शेजारच्या सोयाबीनला ही सोय नाही, नावात असली तरी!

लावलेल्या गवतात पहिल्या वर्षी मात्र जनावरं सोडायची नाहीत. कोवळे ठोंब मुळासकट उपटून येतात. विळ्यानं कापून आणायचं. आणि कुसळी असेल तर तुरे पिकायच्या आत. उशीर झाला की तेच गिरमिट शेळ्यांच्या तोंडात घुसतं, आणि कापणाऱ्याच्या धोतरात.