जमिनीखालचे पेव

गेल्या सत्रात वर्गात ऊर्जेचे धडे चालू असताना एका विद्यार्थ्याने प्रश्न विचारला, "सर, दुपारी सूर्यापासून वीज भरपूर मिळते, पण दिवे लागतात रात्री. मग दुपारची वीज रात्रीपर्यंत ठेवायची कुठे?" मी उत्तर दिले, "पेवात." वर्ग हसला. त्या हसण्यावरून माझ्या लक्षात आले की, पंचवीस-तीस मुलांपैकी दोघा-तिघांनाच पेव म्हणजे काय ते ठाऊक होते. बाकीच्यांना 'पेव फुटले' एवढा वाक्प्रचारच माहीत होता.

आमच्या आजोळी अंगणात पेव होते. आपले कन्नड भाषिक मित्र त्याला 'हगेवु' म्हणतात. कोरड्या, घट्ट जमिनीत खोल खड्डा खणायचा, आत गवत जाळून तो शेकायचा, कडेने कडबा लावायचा, ज्वारी भरायची आणि तोंडावर दगड ठेवून मातीने लिंपून टाकायचे. पेव उघडल्यावर आजोबा कोणालाही लगेच आत उतरू देत नसत. आधी कंदील सोडून पाहायचे. तो विझला, तर थांबायचे. आतल्या कोंदट हवेने माणूस गुदमरून मरतो, हे त्यांनी पुस्तकातून शिकलेले नव्हते. या साऱ्या खटाटोपाचे सार तीन गोष्टींत सांगता येईल. जमीन योग्य हवी, तोंड घट्ट हवे आणि पेव नेमके कोठे आहे हे घरातल्या जाणत्याला ठाऊक हवे. आजच्या जगात जमिनीखाली वायू, तेल आणि दाबलेली हवा साठवली जाते. त्या प्रचंड पेवांनाही हेच तीन नियम लागू आहेत, आणि त्यांपैकी तिसरा मोडला की काय होते, ते सांगण्यासाठी हा लेख.

थंड देशांत घरे उबदार ठेवण्यासाठी हिवाळ्यात नैसर्गिक वायू फार लागतो, उन्हाळ्यात कमी. म्हणून उन्हाळ्यातला जादा वायू ठेवण्याची सोय शोधणे भाग पडले. १९१५ साली कॅनडातील ओन्टारिओ प्रांतात वेलंड येथे एका संपत आलेल्या वायुक्षेत्रात वायू परत भरण्याचा प्रयोग झाला. पुढच्याच वर्षी अमेरिकेत बफेलो शहराजवळ झोअर येथे तसेच साठवण-क्षेत्र सुरू झाले.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. जमिनीखाली तेलाचे वा वायूचे तळे नसते. असतो तो वाळूचा दगड, आणि त्याच्या बारीक छिद्रांत, पाण्याने भिजलेल्या विटेतल्या पाण्यासारखा, वायू भरलेला असतो. त्यावर शेल या खडकाचा किंवा तशाच अभेद्य खडकाचा थर झाकणासारखा बसलेला असतो. लाखो वर्षे ज्या झाकणाने वायू अडवून धरला, ते पुढेही धरील, हा यातला साधा हिशेब. मात्र भरलेला सगळा वायू परत काढता येत नाही. काही भाग दाब टिकवण्यासाठी कायम आतच ठेवावा लागतो. त्याला 'उशीचा वायू' म्हणतात.

दुसरा प्रकार मिठाच्या गुहांचा. जमिनीखालच्या मिठाच्या जाड थरात विहिरीतून पाणी सोडायचे, मीठ विरघळवून खारे पाणी वर काढायचे, म्हणजे आत पोकळी तयार होते. दाबाखाली मीठ किंचित मऊ होऊन सरकते, त्यामुळे बारीक भेगा आपोआप बुजतात. इंग्लंडमध्ये टीसाइड येथे १९७२ पासून अशा गुहांत हायड्रोजन ठेवला जातो. जर्मनीत हुंटॉर्फ येथे १९७८ साली तर हवेचेच पेव तयार झाले. विजेची मागणी कमी असताना पंपांनी हवा दाबून दोन गुहांत भरायची आणि मागणी वाढली की ती सोडून, थोडा वायू जाळून तापवून, चक्की फिरवायची. सुरुवातीला या केंद्राची क्षमता २९० मेगावॉट होती. माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे एक उत्तर असे हुंटॉर्फला आहे.

आपल्या देशातही अशी पेवे आहेत, फक्त ती कच्च्या तेलाची आहेत. परदेशातून येणारे तेल अडले तर हाताशी साठा असावा, म्हणून विशाखापट्टणम येथे १३.३ लाख टन, मंगळूरला १५ लाख टन आणि उडुपीजवळ पादूर येथे २५ लाख टन तेल मावेल अशी भुयारे कठीण खडकात खोदली आहेत. या भुयारांना आतून पोलादाचे अस्तर नाही. भोवतालच्या खडकातील पाण्याचा दाब तेलाच्या दाबापेक्षा जास्त ठेवला जातो. त्यामुळे तेल बाहेर झिरपत नाही, उलट थोडे पाणी आत येते आणि ते उपसून टाकतात. म्हणजे येथे झाकण पाण्याचे आहे, आणि भूजलाची पातळी राखणे हाच त्या झाकणाचा सांभाळ आहे.

आता विहिरीकडे वळू. निसर्गाच्या अभेद्य झाकणाला माणसाने पाडलेले भोक म्हणजे तेलविहीर. त्या भोकात पोलादी नळ बसवतात आणि नळ व खडक यांच्यामधली जागा सिमेंटने भरतात. नवी असताना ही व्यवस्था चोख असते. पण पोलाद गंजते, सिमेंट तडकते, मालक बदलतात आणि कागद हरवतात.

अमेरिकेत कॅन्सस राज्यात हचिन्सन नावाचे शहर आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून तेथे मिठाचा धंदा चाले. त्यासाठी लोकांनी खाऱ्या पाण्याच्या कितीतरी विहिरी खोदल्या, आणि काम संपल्यावर त्या तशाच सोडल्या. वर इमारती उठल्या, विहिरी विस्मरणात गेल्या. शहरापासून सुमारे ११ किलोमीटरवर मिठाच्या गुहांत नैसर्गिक वायू साठवला जात होता. त्यांतली एक विहीर पूर्वी सिमेंटने बुजवलेली होती. ती पुन्हा खोदून वापरात आणली होती, आणि तिच्या नळाला चीर गेली होती. तेथून निसटलेला वायू डोलोमाइटच्या पातळ, भेगाळलेल्या थरातून शहराखाली आला आणि त्या विसरलेल्या विहिरींतून वर निघाला. १७ जानेवारी २००१ रोजी भर बाजारपेठेत स्फोट झाला. दुसऱ्या दिवशी एका वस्तीत झालेल्या स्फोटाने दोघांचा बळी घेतला. गुहेतले मीठ चांगले होते, खडकही चांगला होता. शंभर वर्षांपूर्वीची भोके मात्र कोणाच्या वहीत नव्हती.

दुसरे उदाहरण कॅलिफोर्नियातील अलिसो कॅन्यनचे. तेथील तेल संपल्यावर १९७३ पासून त्या जागी वायू साठवू लागले, आणि १९५३ साली तेलासाठी खोदलेली एक विहीर त्याच कामाला लावली. पुढे १९७९ मध्ये तिची खोलवरची सुरक्षा-झडप काढली, ती परत बसवली नाही. वायू आतल्या नळीतून आणि नळीबाहेरच्या मोकळ्या जागेतूनही खेळत असे. म्हणजे दाबाखालचा वायू आणि बाहेरची जमीन यांत बाहेरच्या नळाचीच काय ती भिंत होती. २३ ऑक्टोबर २०१५ रोजी गळती लक्षात आली. वरून जड चिखल आणि खारे पाणी ओतून ती थांबवण्याचे प्रयत्न वारंवार फसले. शेवटी बाजूने दुसरी विहीर खोदून तिच्या तळाशी पोचावे लागले, आणि १८ फेब्रुवारी २०१६ रोजी ती कायमची बंद झाली. तोवर सुमारे एक लाख टन मिथेन हवेत गेला होता आणि हजारो कुटुंबांना घर सोडून राहावे लागले होते. २०१९ च्या चौकशी-अहवालाने कारण सांगितले ते असे: भूजलातील जिवाणूंमुळे नळ बाहेरून गंजला होता. त्याआधी त्याच क्षेत्रात साठाहून अधिक विहिरींचे नळ गळले होते, पण त्यांची मुळापासून चौकशी कधी झाली नव्हती.

मिथेन हवेत गेला की सूर्याची उष्णता अडवतो. वीस वर्षांच्या हिशेबाने तो कार्बन डायऑक्साइडच्या ऐंशीपट तापदायक आहे. अमेरिकेत सोडून दिलेल्या तेल-वायूच्या विहिरी तेथील पर्यावरण खात्याच्या अंदाजाने तीस लाखांहून अधिक आहेत, आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक नीट बुजवलेल्याच नाहीत. ज्यांचा मालकच सापडत नाही, त्यांना 'अनाथ विहिरी' म्हणतात. त्या बुजवण्यासाठी २०२१ च्या कायद्याने ४७० कोटी डॉलर दिले. तेल विकून आलेला पैसा मालकाने नेला, आणि भोक बुजवायचा खर्च जनतेच्या माथी आला! आपल्याकडे दिग्बोईला १८८९ साली आणि अंकलेश्वरला १९६० साली तेल लागले. आपल्याही विहिरी म्हाताऱ्या होत आहेत, हे विसरून चालणार नाही.

"पण सर, आपल्या बेळगावात तेल कुठे आहे?" असे कोणी विचारील. तेल नाही, पण भोके आहेत. २०१७ साली आपल्याच जिल्ह्यातील अथणी तालुक्यात एक सहा वर्षांची मुलगी उघड्या, सोडून दिलेल्या बोअरवेलमध्ये पडली. ती वाचली नाही. वास्तविक सर्वोच्च न्यायालयाने २०१० सालीच सांगितले होते की, निकामी बोअरवेल माती-वाळूने तळापासून जमिनीपर्यंत भरावी आणि जिल्ह्यात अशा विहिरींची नोंद ठेवावी. नियम सात वर्षांचा झाला होता, आणि बोअरवेल उघडीच होती.

हचिन्सनची विस्मृत विहीर आणि अथणीची उघडी बोअरवेल यांत मला तत्त्वाचा फरक दिसत नाही. पाणी लागले नाही किंवा तेल संपले, की माणसाच्या लेखी ते काम संपते. जमिनीच्या लेखी मात्र ते भोक तसेच राहते. उद्या वारा आणि सूर्य यांची ऊर्जा साठवायला भूगर्भाचा आधार घ्यावाच लागेल, आणि त्यात वाईट काही नाही. पण नवे पेव भरण्याआधी जुन्या भोकांची यादी हातात हवी.

म्हणून विद्यार्थी मित्रांना एक काम सुचवतो. सुट्टीत गावी जाल तेव्हा शिवारातून एक फेरी मारा. बंद पडलेल्या बोअरवेल कोठे आहेत, कोणाच्या रानात आहेत, त्यांचे तोंड बंद आहे की पोते टाकून झाकलेले आहे, हे म्हाताऱ्या माणसांना विचारून वहीत लिहा आणि ती यादी ग्रामपंचायतीत द्या. आमच्या आजोळचे पेव कोठे होते, हे आता सांगणारे कोणी उरलेले नाही. अंगणात फरशी बसली आहे. आजोबा होते तेव्हा विचारून ठेवायला हवे होते.