‘रायव्हल’ : एका पाटाचे वाटेकरी

इंग्रजींत विरोधकाला अनेक नांवें आहेत. ‘एनिमी’ हा त्यांतला नेहमींचा शब्द. लॅटिनमधील मित्रवाचक शब्दाला नकार जोडून तो सिद्ध झाला. जो मित्र नव्हे तो ‘एनिमी’. ‘रायव्हल’ या शब्दाचें कूळ मात्र निराळें आहे. त्याच्या मुळाशीं मैत्रीचा अभाव नाहीं, रणांगणहि नाहीं. आहे तो पाण्याचा एक साधा पाट.

लॅटिनमध्यें ओढ्याला किंवा पाटाला ‘रीवस’ म्हणतात. त्यावरून ‘रीवालिस’ म्हणजे एकाच पाटाचें पाणी घेणारा. येथवर वैराचा लवलेशहि नाहीं. परंतु वरच्या शेतकऱ्यानें पाट आपल्याकडेच वळवून ठेवला, कीं खालच्याचें पीक वाळलेंच! मग तंट्याला काय उशीर? इ. स. 533 मध्यें सम्राट जस्टिनिअनच्या आज्ञेनें प्रसिद्ध झालेल्या ‘डायजेस्ट’ या कायदेसंग्रहांत, अशा ‘रीवालिस’ लोकांत पाण्याच्या वापराविषयीं कलह झाल्यास काय करावें, याचा अल्पिअन या कायदेपंडितानें केलेला विचार आढळतो.

न्यायालयाबाहेर या शब्दाला दुसराहि अर्थ फार पूर्वींच आला होता. इसवी सनापूर्वीं 200 च्या सुमाराचा नाटककार प्लॉटस एकाच स्त्रीवर अनुरक्त झालेल्या पुरुषांना हाच शब्द लावतो. इंग्रजींत तो स्पर्धकाच्या अर्थानें रूढ झाला. तरीहि शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’मध्यें बर्नार्डो हा पहारेकरी आपल्या पहाऱ्यावरील सोबत्यांना ‘रायव्हल’ म्हणतो, आणि तेथें अर्थ आहे केवळ ‘भागीदार’.

भागीदाराचा प्रतिस्पर्धी व्हावा, हें आपल्याकडेहि घडलें आहे. ‘सपत्नी’ म्हणजे एकाच पतीची दुसरी स्त्री, आपली ‘सवत’. त्यावरूनच ‘सपत्न’ म्हणजे शत्रु. ‘भ्रातृव्य’ म्हणजे पुतण्या किंवा चुलतभाऊ. पण पाणिनीनें त्याच शब्दाचा ‘शत्रु’ हा अर्थहि स्वतंत्र सूत्रानें नोंदविला आहे. आणि मराठींतील ‘भाऊबंदकी’चा अर्थ कोणत्या घराला सांगावा लागतो?

ज्याच्याशीं कांहींच सामाईक नाहीं, तो शत्रु होऊं शकेल. ‘रायव्हल’ होणार नाहीं. त्यासाठीं दोघांची गरज एकच असावी लागते. म्हणूनच असा तंटा पाट फोडून मिटत नाहीं, कारण मग दोन्ही शेतें कोरडीं राहतात. तो मिटतो पाण्याच्या पाळ्या ठरवून आणि त्या पाळून.